मायनरला शिक्षणशास्त्र घेतलं तर नोकरी लागते का?

बी.ए.ला प्रवेश घेणारी पोरं आणि त्यांचे पालक सध्या एकाच गोष्टीवर अडलेत. मेजर ठरलेलं असतं, मराठी, इतिहास नाहीतर अर्थशास्त्र. मायनरला काय घ्यायचं हे कळत नाही. यादीत 'एज्युकेशन' म्हणजे शिक्षणशास्त्र दिसलं की लगेच विचारतात, "हे घेतलं तर मास्तरकी मिळते का?"

सरळ उत्तर आधी देऊन टाकतो. नाही मिळत. मायनर म्हणजे बी.एड. नव्हे. शिक्षक व्हायचं तर डी.एल.एड. किंवा बी.एड. करावंच लागतं, पहिली ते आठवीसाठी टीईटी द्यावी लागते आणि मग भरती निघायची वाट बघावी लागते. पण 'शिक्षण' हा विषय म्हणजे फक्त मास्तरकीचं तिकीट, हे आपल्या डोक्यात बसलं कधी? त्याला जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो थोडक्यात सांगतो.

1854 साली वुडचा खलिता आला. कंपनी सरकारने शिक्षणाची जी घडी घालायची ठरवली, त्यात शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलांचीही शिफारस होती. शिक्षकाला प्रशिक्षण द्यावं हा विचार चांगलाच होता. पण हेतू असा की सरकारी शाळा चालवायला माणूस तयार व्हावा. शाळा कशासाठी, कोणासाठी, कोणाच्या पैशाने, हे प्रश्न त्या वर्गात शिकवायचे नव्हते.

ते प्रश्न विचारले महात्मा फुल्यांनी. 1882 साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. आपण फुल्यांना वंदन करतो, जयंतीला हार घालतो, पण हे निवेदन फार थोड्यांनी वाचलंय. त्यात ते म्हणतात की सरकारच्या तिजोरीत पैसा शेतकऱ्याच्या घामाचा आणि लाभ मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणाला. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षं वयापर्यंत सक्तीचं करा. शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, प्रशिक्षित घ्या, म्हणजे तो लोकांत मिसळेल, त्यांची गरज ओळखेल. पगार निदान 12 रुपये हवा, मोठ्या गावात 15 ते 20. शिकवायचं काय? मोडी आणि बालबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, आणि त्याच्या जोडीला शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्याचे धडे.

आता बघा, एका निवेदनात शिक्षणाचं अर्थशास्त्र आहे, समाजशास्त्र आहे, अभ्यासक्रमाचा विचार आहे. फुल्यांकडे ना बी.एड. होतं ना कुठली पदवी. हा अभ्यास त्यांनी नागरिक म्हणून केला होता. शिक्षणशास्त्र म्हणतात ते हेच.

पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1935 साली साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं. गावोगाव शाळा काढायच्या तर खेड्यात राहणारा, खेड्याला आपलं म्हणणारा शिक्षक हवा, हा त्यामागचा हिशेब. फुल्यांनी मागितलं ते कर्मवीरांनी करून दाखवलं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. 1964 ते 66 या काळात कोठारी आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा हा माणूस. जन्म 5 सप्टेंबर 1907, म्हणजे ज्या दिवशी आपण शिक्षक दिन करतो तोच दिवस, पण त्या दिवशी त्यांची आठवण किती शाळांत निघते? आयोगाचं एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं, की देशाचं भवितव्य वर्गखोल्यांत घडतंय. त्याच अहवालातली दुसरी शिफारस मात्र कोणाला माहीत नसते. शिक्षण हा स्वतंत्र ज्ञानविषय माना आणि तो पदवीला, पदव्युत्तरला ऐच्छिक विषय म्हणून ठेवा, अशी ती शिफारस. म्हणजे बी.एड.च्या भिंतीबाहेर काढा. ज्याला शिक्षक व्हायचं नाही त्यालाही शिकू द्या.

पश्चिम बंगाल, आसाम, ओडिशात बी.ए.ला एज्युकेशन घेणं सर्रास चालतं. आपल्याकडे ते तेवढं रुजलं नाही.

आपल्याकडे काय रुजलं, तर डी.एड. कॉलेजं. 2000 नंतरची ती लाट मी बातमीदार म्हणून जवळून बघितली. बारावीला बरे टक्के पडले की डी.एड., मग 3,000 रुपयांवर तीन वर्षं शिक्षणसेवक, पुढे कायम. सरळ रस्ता होता. मग कॉलेजांचं पीक आलं. 2008 साली तर महाराष्ट्रातल्या 291 डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचं प्रकरण उभं राहिलं, ते थेट सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला. 2012 च्या अहवालात आयोगाने त्यातली बहुतेक कॉलेजं अपात्र ठरवली. तोवर भरती आटली होती. आमच्या भागात पोरांच्या फीसाठी वावर गहाण टाकलेले बाप मी बघितलेत. ती पोरं आज मोबाइलच्या दुकानात, पतसंस्थेत, पुण्याच्या कंपनीत आहेत. त्यामुळे 'शिक्षण' हा शब्द विषयांच्या यादीत दिसला की घराघरांत कपाळाला आठी पडते. त्यात लोकांची चूक नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने आपल्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून मेजर-मायनर आलं आणि कोठारी आयोगाची ती शिफारस जवळपास 60 वर्षांनी मागच्या दाराने घरात आली. आता तिचं काय करायचं ते आपल्या हातात आहे. तासिका तत्त्वावरचा एखादा प्राध्यापक, बाजारातलं गाईड आणि परीक्षेआधीच्या नोट्स एवढ्यावर हा विषय चालवला, तर त्याचं पुन्हा डी.एड.च होणार. पण इतिहास मेजर असलेल्या पोरीने फुल्यांचं निवेदन वाचलं, अर्थशास्त्राच्या पोराने आपल्या गावच्या झेडपी शाळेचा पट दहा वर्षांत का घसरला ते दाखल-खारीज रजिस्टर बघून शोधलं, तर गावाला त्याचा उपयोग आहे.

का ते सांगतो. आरटीई कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विषय निघाला तेव्हा या समित्यांना तोंड उघडायची संधी होती. मी अशा बैठकांना बसलोय. अधिकारी आकडे वाचतो, लोक मान डोलावतात, सह्या होतात. पहिलीतल्या लेकराला तीन किलोमीटर चालवण्याचा काय परिणाम होतो, दोन शिक्षकांत चार वर्ग कसे शिकवतात, अनुदान किती येतं नि कुठे जातं, हे विचारणारं कोणी नसतं. उद्या त्या समितीत हा विषय शिकलेली एक आई बसली तरी बैठक वेगळी होईल.

म्हणून मायनरला शिक्षणशास्त्र घ्या, पण नोकरीच्या आशेने घेऊ नका. आणि घेण्याआधी कॉलेजला तीन गोष्टी विचारा. शिकवणार कोण? प्रत्यक्ष शाळेत किती दिवस पाठवणार? फुले, कर्मवीर, नाईक अभ्यासक्रमात आहेत की नुसत्या परदेशी विचारवंतांच्या व्याख्या पाठ करायच्या?

आपल्या तालुक्यात कोणत्या कॉलेजात हा विषय आहे आणि कोण शिकवतं, ते मला कळवा. यादी करून इथेच टाकतो.