आरी आणि टकळी

अकोला जिल्ह्याच्या उत्तर भागांत, तेल्हारा तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं हिवरखेड नांवाचें एक मोठें गांव आहे. या नांवाचीं आणखीहि गांवें वऱ्हाडांत आहेत. हिवरा, हिवरी अशा नांवांच्या खेड्यांची तर गणतीच नको. हीं नांवें हिवराच्या झाडावरून पडलीं असावींत, हें सहज ध्यानांत येतें. हिवर हा बाभळीचाच भाऊबंद. पांढुरक्या सालीचा, कांटेरी आणि कोरड्या जमिनींत तग धरणारा. त्याच्या सालींत तुरट कषायद्रव्य असतें आणि त्या सालीनें कातडें कमावतां येतें. बाभूळ शेताच्या बांधावर उभी, हिरडा सातपुड्याच्या रानांत, गुरेंढोरें घरोघर. जोडा तयार करण्यास जें जें लागतें तें तें येथें हाताशीं होतें. असें असूनहि लिहित्यावाचत्या घरांतील कोणा गृहस्थानें स्वतःचा जोडा स्वतः शिवल्याचें जुन्या काळीं ऐकिवांत येत नाहीं. असें कां झालें, आणि पुढें तें बदलूं पाहणारे कोण निघाले, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

काम अवघड म्हणून कोणी शिकलें नाहीं, असें कोणी म्हणेल, तर तें काम प्रथम पाहूं. मेलेल्या जनावराचें कातडें ओलें ठेवलें तर कुजतें आणि वाळवलें तर लांकडासारखें ताठर होतें. म्हणून तें कांहीं दिवस चुन्याच्या पाण्यांत भिजत घालतात. त्यानें केस सैल होतात व पात्यानें खरवडून निघतात. मांसाची बाजूहि तासून स्वच्छ करतात. चुना धुवून काढल्यावर बाभळीच्या सालीचा व हिरड्याचा काढा देण्यास आरंभ होतो. पहिला पातळ, पुढचा दाट. आपल्याकडील एक जुनी रीत अशी कीं, कातडें पिशवीसारखें शिवून त्यांत साल व पाणी भरावें आणि ती पिशवी टांगून ठेवावी. पाणी आंतून बाहेर पाझरतें. खालीं गळलेलें पुन्हां वर ओततात, आणि पुढें पिशवी उलटी करून टांगतात. कषाय कातड्याच्या तंतूंशीं जडून बसला म्हणजे मग त्याला कूज लागत नाहीं. कातड्याचें चामडें होतें तें असें.

पुढचें काम रापीचें व आरीचें. पाय कागदावर ठेवून त्याची रेघ काढावयाची, पावलाच्या उंचवट्याभोंवतीं पट्टी गुंडाळून माप घ्यावयाचें. चामड्याची पाठ घट्ट असते आणि पोट सैल असतें. तळ पाठीचा कापावा लागतो, पोटाचा कापल्यास तो पसरतो. तळाचें चामडें भिजवून ऐरणीवर ठोकतात, म्हणजे त्याचे तंतू दाटून बसतात. शिवतांना दोऱ्याला मेण लावून त्याचीं दोन्ही टोकें आरीनें पाडलेल्या एकाच भोंकांतून समोरासमोरून ओढतात. एक पदर तुटला तरी दुसरा धरून राहतो. चप्पल एवढ्यावर होते. बुटाला याहून अधिक लागतें. पायाच्या आकाराचा लांकडी फरमा घेऊन त्यावर वरचें चामडें ओलें असतांना ताणून बसवावें लागतें आणि तें वाळेपर्यंत धीर धरावा लागतो. उतावळा माणूस बहुधा येथेंच फसतो. नवशिक्याचा पहिला जोड वांकडा होईल, दुसरा पाय चावेल. पण नेटानें बसणाऱ्याला हें काम साधणार नाहीं, असें त्यांत कांहीं नाहीं. ज्या घरांतील मुलें पाणिनीचीं सूत्रें मुखोद्गत करीत, त्यांच्या बुद्धीला दोन पदरांचा टांका अवघड जाण्याचें कारण नव्हतें.

अडचण हाताची नव्हती, जातीची होती. मेलेलें जनावर महारानें ओढून न्यावें, ढोरानें कातडें कमवावें, चांभारानें तें शिवावें, आणि शेतकऱ्यानें सुगीला खळ्यावर चार पायल्या धान्य घालावें, ही गांवगाड्याची व्यवस्था. तुरीच्या धसकटांतून आणि बाभळीच्या कांट्यांतून चालणारा वऱ्हाडी कुणबी चांभाराच्या जोड्यावांचून एक दिवस निभावूं शकत नसे. पण तो जोडा शिवणारे हात मात्र त्याच्या ओट्याला लागतां कामा नयेत! जी विद्या सर्वांच्या पायाखालीं होती, ती कोणाच्याहि डोक्यांत शिरूं दिली नाहीं. परिणामीं ती लिहिली गेली नाहीं, तपासली गेली नाहीं, आणि बापाकडून मुलाकडे जितकी आली तितकीच राहिली.

विद्वानानें हें काम हातांत घेतल्याचें गाजलेलें उदाहरण आपल्याला दूर रशियांत सांपडतें. कौंट टॉलस्टॉय यांनीं १८८० नंतरच्या दशकांत मॉस्कोंतील आपल्या घरीं एका चांभाराकडून बूट शिवण्याचें शिक्षण घेतलें. कवि फेट यांना त्यांनीं एक जोड करून दिला. फेट यांनीं सहा रूबल मोजले आणि १५ जानेवारी १८८५ रोजीं एक दाखलाच लिहून ठेवला कीं, ‘वॉर अँड पीस’च्या कर्त्यानें हे बूट आपल्या मागणीवरून शिवले. दुसरा एक जोड सुखोतिन यांना मिळाला. त्यांनीं तो पायांत न घालतां कपाटांत टॉलस्टॉय यांच्या ग्रंथांच्या बारा खंडांशेजारीं ठेवून त्यावर तेराव्या खंडाची चिठ्ठी लावली, अशी आख्यायिका आहे. गोष्ट गमतीची आहे, पण तिच्यांत एक टोंचणीहि आहे. थोर माणसानें केलेला जोडा आपण कपाटांत ठेवतों. चांभारानें केलेल्या जोड्याची किंमत घासाघीस करून देतों.

टॉलस्टॉय यांच्याच नांवाच्या आश्रमांत हा धडा हिंदी माणसानें गिरविला. १९१० सालीं कालेनबाख या जर्मन शिल्पज्ञानें जोहान्सबर्गपासून सुमारें वीस मैलांवरील आपली ११०० एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठीं गांधीजींच्या स्वाधीन केली; तेंच ‘टॉलस्टॉय फार्म’. कालेनबाख मॅरियनहिल येथील ट्रॅपिस्ट मठांत जाऊन चप्पल करण्यास शिकून आले, त्यांच्यापासून गांधीजी शिकले, आणि गांधीजींनीं इतरांस शिकविलें. १९११ च्या आरंभीं आपण पंधराएक जोड केल्याचें त्यांनीं पत्रांत कळविलें आहे. टॉलस्टॉय यांनीं थंड देशाचा बूट केला आणि गांधीजींनीं चप्पल केली; फरम्याचा खटाटोप टळल्यामुळें ती लहान मुलांनाहि शिकवितां आली. १९१४ सालीं आफ्रिका सोडतांना त्यांनीं आपण तुरुंगांत केलेला एक जोड जनरल स्मट्स यांना भेट दिला. इतक्या थोर माणसाच्या जोड्यांत उभें राहण्यास आपण पात्र नाहीं, असें नमूद करून स्मट्स यांनीं तो १९३९ सालीं गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त परत केला.

हिंदुस्थानांतहि या सुमारास कांहीं सुशिक्षितांनीं चामड्याला हात घातला होता. ओरिसांतील पहिले पदवीधर व नामांकित वकील मधुसूदन दास यांनीं १९०५ सालीं कटक येथें चर्मालय काढलें आणि त्यापायीं आपली सारी मिळकत घालविली. वऱ्हाडच्या माणसाला मात्र हा प्रयोग पाहण्यासाठीं वर्धा नदी तेवढी ओलांडावी लागली असती. १९३४ च्या डिसेंबरांत वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि जवळच्या नालवाडीस विनोबांच्या सहवासांतील गोपाळराव वाळुंजकर यांनीं चर्मालय चालविलें. तेथें मारलेल्या नव्हे, तर आपोआप मेलेल्या जनावरांचें कातडें घेत, तें कमावीत आणि त्याचे जोडे करीत. पुढें १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यासच शिक्षण परिषद भरली. तिच्यांतून निघालेल्या झाकिर हुसेन समितीनें मूलोद्योगांच्या यादींत सूतकताई, सुतारकाम, शेती यांच्याबरोबर चामड्याचें कामहि घातलें. कागदावर आरी टकळीच्या पंक्तीस येऊन बसली.

ती कागदावरच राहिली. शाळाशाळांतून टकळ्या फिरूं लागल्या. रापी व आरी क्वचितच कोणी आणली. याला व्यवहारी कारणेंहि होतीं, हें मान्य केलें पाहिजे. टकळी खिशांत मावते, कापसाला वास येत नाहीं, आणि वऱ्हाड तर कापसाचेंच माहेरघर. परंतु सुतार व शेतकरी यांच्या कामालाहि जागा व अवजारें लागतातच. त्यांबद्दल पालकांनीं नाक मुरडलें नाहीं. सूत कातणें पूर्वीपासून घरंदाज स्त्रियांचें काम. त्यानें कोणाची जात जात नव्हती. सुशिक्षितांनीं श्रमाची प्रतिष्ठा स्वीकारली ती जेथवर विटाळाची रेघ येत नव्हती तेथवर. चरख्याला देवघराशेजारीं जागा मिळाली; आरीला पडवींतहि मिळाली नाहीं.

पण या प्रश्नाला दुसरीहि बाजू आहे, आणि ती आमच्या मतें अधिक वजनदार आहे. टॉलस्टॉय किंवा गांधीजी यांनीं आरी उचलली ती स्वेच्छेनें. खालीं ठेवण्याची मुभाहि त्यांना होती. ज्याच्या हातांत ती जन्मानें दिली गेली, त्याला ही मुभा नव्हती. १९२७ च्या मार्चमध्यें महाड येथें डॉ. आंबेडकरांनीं मेलेलीं गुरें ओढण्याचें काम सोडा, असें आपल्या लोकांस सांगितलें. १९५६ च्या ऑक्टोबरांत नागपूर येथील भाषणांत त्यांनीं हा विषय पुन्हां काढला. हें काम टाकल्यानें कातडें, शिंगें व हाडें यांचें उत्पन्न बुडतें, असा हिशेब मांडणाऱ्यांना त्यांचें उत्तर रोखठोक होतें : एवढा नफा असेल तर तो तुम्हींच कां घेत नाहीं? या प्रश्नाला उत्तर देण्याचें धैर्य उच्चवर्णीयांनीं दाखविलें नाहीं. श्रमाचें माहात्म्य जर केवळ दुसऱ्याच्या श्रमाला लागू करावयाचें असेल, तर तें माहात्म्य नसून सक्ती आहे.

इकडे यंत्रानें वाद परस्पर मिटविला. क्रोम क्षारांनीं कातडें थोडक्या वेळांत कमावण्याची रीत आली, आणि १९३४ सालीं कलकत्त्याजवळ बाटानगरची उभारणी सुरू झाली. पेठेंत बनलेला बूट मिळूं लागला तसें खळ्यावरचें धान्य आटलें आणि खेड्यांतील चांभाराची मुलें दुसऱ्या धंद्यांत गेलीं. त्यांनीं तें योग्यच केलें. कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें महाराष्ट्र व कर्नाटक यांतील आठ जिल्ह्यांपुरतें; वऱ्हाडी जोड्याला असा कोणी वाली मिळाला नाहीं.

आज शहरांतून कांहीं तरुण-तरुणी हौसेनें चामडें कापण्यास व शिवण्यास शिकूं लागले आहेत. त्यांना हंसणारे हंसोत. आम्हांला हें चिन्ह शुभ वाटतें. मात्र त्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. ज्या टांक्यास ते नवा छंद मानतात तो शेंकडों वर्षें कोणाच्या तरी बोटांनीं जिवंत ठेवला, आणि त्याबद्दल त्या बोटांना मान तर नाहींच, उलट विटाळ मिळाला. हें ऋण ओळखून, मिळेल तेथें जुन्या जाणत्या कारागिराला गुरु म्हणून, त्याच्यासमोर खालीं बसून, ही विद्या घ्यावी व तिची दक्षिणाहि चोख द्यावी. विद्येला जात लागली म्हणून ती कोंडली. ती जातीपासून सुटली तरच टिकेल. आणि ज्याच्या घरीं ती पिढ्यान् पिढ्या होती, त्याच्या मुलानें ती टाकून दुसरें कांहीं शिकावें अशी इच्छा धरली, तर तिला आड येण्याचा अधिकार आपल्यापैकीं कोणालाहि नाहीं.