उत्तर-आधुनिक विचार आणि ख्रिस्ती श्रद्धा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने फ्रान्समध्ये उदयास आलेल्या आणि आधुनिकतेच्या मूलभूत गृहीतांविषयी शंका घेणाऱ्या विचारप्रवाहांना ‘उत्तर-आधुनिक’ ही संज्ञा स्थूलमानाने लावली जाते. तिला प्रतिष्ठा मिळाली ती झां-फ्रांस्वा ल्योतार (१९२४–९८) ह्याच्या ला काँदिस्याँ पोस्तमोदेर्न (१९७९, म. शी. उत्तर-आधुनिक अवस्था) ह्या ग्रंथामुळे. मुळात हा कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या विद्यापीठ-परिषदेसाठी लिहिलेला, संगणकयुगातील ज्ञानाच्या स्थितीविषयीचा अहवाल होय. मानवी इतिहासाला एकच अर्थ व एकच गंतव्य आहे असे सांगणाऱ्या ‘महाकथनां’वरील विश्वास लोपणे, हे ल्योतारने उत्तर-आधुनिकतेचे लक्षण मानले.

विश्वोत्पत्ती, मानवाचे पतन, ख्रिस्ताद्वारे तारण व अंतिम न्याय अशी सलग मांडणी करणारा ख्रिस्ती धर्म ह्या टीकेच्या कक्षेत येतो काय, हा कळीचा प्रश्न आहे. १९७९ च्या ग्रंथात ल्योतारचा रोख मुख्यतः प्रबोधनकालीन मानवमुक्तीच्या आणि हेगेलप्रणीत चैतन्यविकासाच्या कथनांवर होता. बायबल सार्वत्रिक बुद्धीच्या आधारे आपले समर्थन करीत नाही, ते श्रद्धेला आवाहन करते. म्हणून ते ह्या अर्थाने महाकथन नव्हे, असा युक्तिवाद जेम्स के. ए. स्मिथ ह्याने २००६ मध्ये केला. तो चतुर असला, तरी पुरेसा नाही. कारण ल्योतारने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्रसंग्रहात ख्रिस्ती तारणकथेची गणना महाकथनांतच केलेली आहे.

झाक देरिदाच्या विरचनेचा ईश्वरशास्त्रातील टोकाचा वापर अमेरिकन विचारवंत मार्क सी. टेलर ह्याने एरिंग (१९८४) ह्या ग्रंथात केला. ईश्वर, आत्मा, इतिहास आणि ग्रंथ ह्या कल्पना परस्परावलंबी असून पहिली ढासळताच उरलेल्या तिन्ही ढासळतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. उपासनेला बसणाऱ्या भाविकाच्या हाती ह्यातून फारसे काही लागत नाही. फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ झां-ल्यूक मार्याँ ह्याने तीच टीका निराळ्या दिशेने वळविली. ईश्वराविषयीची संकल्पनाही मूर्ती बनू शकते. ‘सत्’ ही कोटीही त्याला अपुरी पडते व तो प्रथमतः प्रेमस्वरूप आहे, असे त्याने १९८२ मध्ये मांडले. ह्या भूमिकेची मुळे प्राचीन नकारात्मक ईश्वरशास्त्रात, विशेषतः डायोनिशियसच्या नावावरील लेखनात सापडतात.

इंग्लंडमधील जॉन मिलबँक ह्याने १९९० मध्ये प्रतिहल्लाच चढविला. लौकिक समाजशास्त्र तटस्थ नसून तेही एक प्रच्छन्न ईश्वरशास्त्रच आहे, असे त्याचे म्हणणे. प्रबोधनकाळापासून आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या श्रद्धेला ह्यामुळे न्यायाधीशावरच आक्षेप घेता आला. मात्र त्याची किंमतही मोठी होती : बुद्धीचा समान निकष नाकारल्यावर ख्रिस्ती सत्य हे अनेक कथनांपैकी एक ठरते आणि ते अधिक सुंदर व अधिक शांतिमय आहे, एवढेच सांगता येते. इटालियन तत्त्वज्ञ जान्नी वात्तिमो (१९३६–२०२३) ह्याला ह्यात हानी दिसली नाही. देवाने ख्रिस्तरूपाने स्वतःला रिक्त केले, ह्या पौलाच्या शिकवणुकीचीच परिणती म्हणजे धर्माचे लौकिकीकरण, असे त्याचे मत होते.

रोमने हा सौदा स्वीकारला नाही. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी फीदेस एत रात्सिओ (१९९८) ह्या परिपत्रात ‘उत्तर-आधुनिक’ ह्या संज्ञेची संदिग्धता दाखवून शून्यवादाविरुद्ध इशारा दिला व श्रद्धेच्या बाजूनेच बुद्धीचा कैवार घेतला. प्रॉटेस्टंट गटांत, विशेषतः अमेरिकेत, ब्रायन मॅक्लारेन ह्याच्या २००१ मधील लेखनापासून ‘इमर्जिंग चर्च’ चळवळ फोफावली. तिने सिद्धांतापेक्षा संवादावर आणि सहजीवनावर भर दिला. सत्याविषयीच्या तिच्या संदिग्धतेवर डी. ए. कार्सन ह्याने २००५ मध्ये ग्रंथरूपाने टीका केली. पुढील दशकात ते नावही मागे पडले.