पत्रव्यवहाराचे पान आणि रोर्शाक : 'वॉचमेन'चा वाचकप्रतिसाद

अमेरिकेतील सुपरहीरो-चित्रकथांत वाचकाला अंकाच्या अखेरीस एक हक्काचे पान असे. तेथे त्याची पत्रे संपादकीय उत्तरांसह छापली जात. साठच्या दशकाच्या आरंभी डीसी कॉमिक्सचे संपादक ज्यूलियस श्वार्ट्झ पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते देऊ लागले, आणि विखुरलेले वाचक परस्परांना लिहू लागले. या साहित्यप्रकाराचा संघटित वाचकवर्ग घडण्यात त्या पानाचा वाटा मोठा आहे.

ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या 'वॉचमेन' (१९८६-८७) या डीसीच्याच बारा अंकी मालिकेत हे पान नाही. आरंभीच्या अंकांसाठी पत्रे वेळेत येणे शक्य नव्हते. म्हणून पहिल्या तीन अंकांत त्या जागी कथेतील एका निवृत्त वीराच्या आत्मचरित्राचे उतारे छापले गेले. पुढे पत्रे घेता आली असती, परंतु अंक त्यांच्यावाचूनच बरा दिसतो असे कर्त्यांना वाटले. कल्पित लेख, अहवाल, मुलाखती यांचा क्रम अकराव्या अंकापर्यंत टिकला. छपाईची सोय म्हणून झालेल्या या बदलाने वाचकाची भूमिकाच पालटली. मत कळवणारा वाचक आता कागदपत्रे पडताळणारा झाला. व्होल्फगांग ईझर ज्यांना संहितेतील रिक्त जागा म्हणतात, त्या येथे चित्रकथा आणि दस्तऐवज यांच्या सांध्यात आहेत.

या वाचकाने रोर्शाकचे जे केले ते मात्र कर्त्याला अनपेक्षित होते. स्टीव्ह डिटको यांच्या 'क्वेश्चन' आणि 'मिस्टर ए' या पात्रांतील काळ्या-पांढऱ्या नीतीचे टोक दाखवण्यासाठी मूर यांनी हा एकाकी, अस्वच्छ, निर्दय मनुष्य रचला. अनेक वाचकांनी त्यालाच आदर्श मानले, आणि मूर यांनी पुढे मुलाखतींतून याबद्दलची अस्वस्थता बोलून दाखवली. वाचक चुकले, असा निवाडा येथे सोपा आहे. तो अपुराही आहे. मालिका उघडते ती रोर्शाकच्या दैनंदिनीने. तपासाचा धागा त्याच्या हाती आहे. आणि न्यूयॉर्कमधील लाखोंच्या हत्येवर पांघरूण घालण्यास नकार देऊन मरतो तोही तोच. ही सहानुभूती संहितेनेच पेरलेली आहे. (मुखवट्यावरील शाईच्या डागांत प्रत्येकाला आपलेच मन दिसते, हे प्रतीक जरा जास्तच सोयीचे आहे.)

शेवट तर याहून बोलका आहे. रोर्शाकची दैनंदिनी एका कडव्या उजव्या वृत्तपत्राच्या कचेरीत, विक्षिप्त वाचकांकडून आलेल्या मजकुराच्या ढिगात पडून असते. संपादक निवड साहाय्यकावर सोपवतो. त्याचा हात ढिगाकडे वळतो, आणि मालिका थांबते. अंकातून हद्दपार झालेला वाचकांचा पत्रव्यवहार असा कथेत परततो, आणि जगाचे भवितव्य त्यावर टांगलेले राहते.

२०१९ साली डेमन लिंडेलॉफ यांनी याच कथाविश्वावर दूरचित्रवाणी-मालिका रचली. तिच्यात टल्सा शहरातील गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांची टोळी रोर्शाकचा मुखवटा घालून वावरते. त्याची दैनंदिनी त्यांनी वाचलेली आहे.