व्यापारी कायदा आणि टपालाची शाळा

कायद्याचें अज्ञान ही सबब न्यायालयांत चालत नाहीं, हें तत्त्व फार जुनें आहे. परंतु या तत्त्वाच्या पोटांत एक प्रश्न दडलेला आहे : ज्या कायद्यानें माणूस बांधला जातो, तो कायदा त्यानें शिकावा कोठें? फौजदारी न्यायालयाची पायरी पुष्कळांना जन्मांत चढावी लागत नाहीं. व्यापारी कायद्याची गोष्ट मात्र निराळी. दुकानदार माल उधार आणतो, मुनीम मालकाच्या वतीनें पत्रावर सही करतो, दोघे मित्र भागींत तेलघाणी काढतात, एखादा सद्गृहस्थ शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन राहतो. हीं सारीं कृत्यें कायद्याच्या कक्षेंत येतात आणि तीं करणारे लोक बहुधा कायद्याच्या कॉलेजांत गेलेले नसतात. दुकान सोडून कॉलेजांत जाणें ज्याला शक्य नाहीं, त्याच्या दुकानांतच कॉलेज पोंचविण्याचा जो प्रयत्न गेल्या पावणेदोनशे वर्षांत झाला, त्याचा इतिहास या प्रश्नाच्या उत्तराचाच इतिहास आहे.

इंग्रजी कायदा येण्यापूर्वी आपल्याकडील पेठांत व्यापाराचे नियम नव्हते असें नाहीं. हुंडी कोणाला पटवावी, शाहजोग हुंडीचे पैसे कोणत्या भरंवशावर द्यावे, ती न पटल्यास जबाबदारी कोणाची, हे सर्व निर्बंध सराफ कट्ट्यावर पक्के ठरलेले होते. ते शिकण्याची रीतही ठरलेली होती. मुलगा गादीवर बसे, कीर्द-खतावणी लिही आणि वडिलांच्या व्यवहारांतून कायदा शिके. या रूढींचा मान पुढें ब्रिटिश सरकारलाही राखावा लागला. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्यानें देशी भाषांतील हुंड्यांविषयींच्या स्थानिक रूढींना धक्का न लावण्याचें आरंभींच मान्य केलें आहे. परंतु गादीवरील शिक्षण गादीवाल्यांच्या मुलांपुरतें होतें. गादीसमोर अंगठा उठविणाऱ्याला तें कोणी दिलें नाहीं.

१ सप्टेंबर १८७२ रोजीं भारतीय कराराचा कायदा अमलांत आला. करार खऱ्या संमतीनें झाला पाहिजे. जबरदस्ती, गैरवाजवी दडपण किंवा फसवणूक यांनीं मिळविलेली संमति ही खरी संमति नव्हे, हें त्यांत स्वच्छ लिहिलें होतें. त्यानंतर तीन वर्षांच्या आंत, १२ मे १८७५ रोजीं, पुणें जिल्ह्यांतील सुपें या गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि ती आग पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरली. त्यांचा मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर. ते हिसकावून घेऊन जाळण्यांत आले. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें आणि १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. शेतकऱ्यानें लिहून द्यावयाचे दस्तऐवज गांवच्या नोंदणी कामगारासमोर व्हावे आणि न्यायाधीशानें कर्जाचा मागील इतिहास उकलून पाहावा, अशी तजवीज त्यांत होती.

या दंग्याचीं आर्थिक कारणें अनेक होतीं, आणि केवळ कायदा वाचावयास शिकविल्यानें दुष्काळ किंवा सारा कमी झाला नसता. तथापि त्या प्रसंगानें एक गोष्ट उघड झाली. ज्या संरक्षणाची शेतकऱ्याला गरज होती, त्यांतील कांहीं भाग तीन वर्षें पुस्तकांत छापलेला होता. पण तो ज्याच्यासाठीं छापला, त्याच्यापर्यंत पोंचला नव्हता. कायदा करणें आणि कायदा पोंचविणें हीं दोन वेगळीं कामें आहेत.

पोंचविण्याचें साधन इंग्लंडांत १८४० मध्यें हातीं आलें. त्या वर्षीं पेनी पोस्ट सुरू होऊन गरिबालाही पत्र पाठविणें परवडूं लागलें, आणि त्याच सुमारास आयझॅक पिटमन यानें आपली लघुलेखनपद्धति टपालानें शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थ्यानें उतारा लघुलिपींत लिहून पाठवावा आणि गुरूनें तो दुरुस्त करून परत करावा, अशी साधी रीत होती. १८५८ मध्यें लंडन विद्यापीठानें याहून मोठें पाऊल टाकलें. कोणत्याही कॉलेजांत हजेरी न लावतां, घरीं अभ्यास करून, विद्यापीठाच्या परीक्षेस बसण्याची मोकळीक मिळाली. परीक्षा खुली झाली, परंतु एकट्यानें अभ्यास करणाऱ्याला शिकवणार कोण? ही उणीव खाजगी टपालशाळांनीं भरून काढली. विल्यम ब्रिग्ज यानें १८८७ मध्यें स्थापन केलेलें युनिव्हर्सिटी करस्पॉन्डन्स कॉलेज त्यांत विशेष नांवारूपास आलें. अमेरिकेंत डेट्रॉईट येथील स्प्रेग यांच्या शाळेनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कायदाच टपालानें शिकविला, आणि १९०८ मध्यें शिकागो येथें निघालेल्या ला सॅल संस्थेनें हिशेबनीस, कारकून व व्यापारी यांच्यापर्यंत कायद्याचे धडे पोंचविले.

या शिक्षणाचा क्रम असा असे. ठराविक मुदतीनें एक पुस्तिका येई. तिच्या शेवटीं प्रश्न असत. त्यांचीं उत्तरें लिहून पाठवावयाचीं. तीं तपासून, चुका दाखवून, परत येत. व्यापारी कायद्याला ही रीत विशेष मानवली, कारण त्या कायद्याचा एक महत्त्वाचा भाग मुळीं पत्रव्यवहारांतूनच जन्मला आहे.

कराराच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आरंभींच भेटणारा लोंकरीचा खटला याची साक्ष देतो. २ सप्टेंबर १८१७ रोजीं लिंडसेल या लोंकरीच्या व्यापाऱ्यांनीं अ‍ॅडम्स यांस पत्रानें लोंकर देऊं केली आणि उत्तर उलट टपालीं मागितलें. पत्ता चुकीचा लिहिल्यामुळें पत्र दुसऱ्याच परगण्यांत जाऊन ५ तारखेच्या संध्याकाळीं पोंचलें. अ‍ॅडम्स यांनीं त्याच संध्याकाळीं होकाराचें पत्र टपालांत टाकलें. तें ९ तारखेस मिळालें; पण वाट पाहून कंटाळलेल्या लिंडसेल यांनीं ८ तारखेसच लोंकर दुसऱ्यास विकली होती. करार झाला होता कीं नव्हता? न्यायालयानें १८१८ मध्यें निर्णय दिला कीं, होकाराचें पत्र टपालांत पडतांच करार पुरा झाला. प्रत्येक पक्षानें दुसऱ्याच्या पोंचपावतीची वाट पाहावयाची म्हटलें, तर पत्रांना अंतच राहणार नाहीं, हें त्यामागील व्यावहारिक कारण होतें.

भारतीय कायद्यानें चौथ्या कलमांत हेंच तत्त्व घेतलें, पण त्याला एक बारीक मुरड घातली. होकाराचें पत्र स्वीकारणाऱ्याच्या हातून सुटून वाटेला लागतांच प्रस्ताव करणारा बांधला जातो. स्वीकारणारा मात्र तें पत्र प्रस्ताव करणाऱ्याच्या माहितीस आल्यावर बांधला जातो. म्हणून मधल्या वेळांत तार करून होकार मागें घेण्यास त्याला वाव राहतो. अशा ठिकाणीं एकट्यानें वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या मदतीस या कायद्याची रचनाच धांवून येते. मेकॉले यानें दंडसंहितेच्या मसुद्यांत घालून दिलेली उदाहरणांची प्रथा येथेंही पाळलेली आहे. 'अ हा ब यास पत्रानें आपलें घर विकूं करतो', अशा धर्तीचीं उदाहरणें कलमांखालीं दिलेलीं असल्यामुळें, समोर गुरु नसला तरी कायदा स्वतःच आपला अर्थ समजावून सांगतो. पुढें या ग्रंथांतून मालविक्रीचीं कलमें काढून १९३० मध्यें त्यांचा स्वतंत्र कायदा झाला, आणि भागीदारीचीं कलमें काढून १९३२ मध्यें दुसरा झाला. करार, मालविक्री, भागीदारी आणि हुंडी-चेक या चार खांबांवर आजही व्यापारी कायद्याचा प्राथमिक अभ्यासक्रम उभा आहे.

हिंदुस्थानांत वाणिज्यशिक्षणाचा पाया मुंबईंत घातला गेला. १९१३ मध्यें तेथें सिडनहॅम कॉलेज निघालें. परंतु सोलापूरच्या किंवा अकोल्याच्या मुनिमाला मुंबईचें कॉलेज लंडनइतकेंच दूर होतें. स्वातंत्र्यानंतर हें अंतर हळूहळू तुटलें. १९६२ मध्यें दिल्ली विद्यापीठानें पत्रद्वारा शिक्षण सुरू केलें. १९८५ मध्यें इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्यें नाशिकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. हिशेब-तपासनीस आणि कंपनी-चिटणीस यांच्या संस्थांनींही आपले कायद्याचे धडे टपालानें घरोघर धाडले. वकिलीची सनद मात्र या मार्गानें मिळत नाहीं. त्यासाठीं लागणारी पदवी वर्गांत बसूनच घ्यावी, असा बार कौन्सिलचा दंडक आहे, आणि तो अयोग्य म्हणतां येत नाहीं. दुसऱ्याचा खटला चालविणें ही कला केवळ पुस्तिकेनें येत नाहीं. परंतु स्वतःची सही कोठें करूं नये, हें कळण्यास सनदेची गरज नसते.

हें प्राथमिक ज्ञान किती व्यावहारिक असतें, याचें उदाहरण विदर्भांतच घडलें. १९५९ मध्यें अहमदाबादच्या एका पेढीनें टेलिफोनवरून खामगांवच्या केडिया जिनिंग फॅक्टरीकडे सरकीच्या पेंडीची मागणी केली आणि खामगांवाहून टेलिफोनवरच होकार मिळाला. पुढें तंटा झाला. दावा अहमदाबादेस चालावा कीं खामगांवास? १८७२ चा कायदा लिहिला गेला, तेव्हां टेलिफोनचा शोधच लागला नव्हता. तो चार वर्षांनीं लागला. सर्वोच्च न्यायालयांत न्यायमूर्तींचें एकमत झालें नाहीं. न्यायमूर्ति हिदायतुल्ला यांना चौथ्या कलमाच्या शब्दांप्रमाणें करार खामगांवास झाला असें वाटलें. बहुमतानें मात्र असें ठरविलें कीं, टेलिफोन म्हणजे समोरासमोरचें बोलणें. त्याला टपालाचा नियम लागूं नाहीं. होकार जेथें ऐकला गेला, तेथें करार झाला. खामगांवच्या व्यापाऱ्याला अहमदाबादच्या न्यायालयांत उभें राहावें लागलें. टेलिफोनवर उच्चारलेल्या एका शब्दाची ही किंमत होती.

२००० मध्यें माहिती तंत्रज्ञानाचा कायदा आला आणि इलेक्ट्रॉनिक संदेश केव्हां सुटला, केव्हां पोंचला व कोठें पोंचला मानावा, याचे नियम त्यांत घालावे लागले. साधनें बदललीं, प्रश्न मात्र लोंकरीच्या खटल्यांतलाच राहिला. सुप्याच्या शेतकऱ्याला आपण काय लिहून दिलें हें कळलें नाहीं, कारण तें त्याला कोणी वाचून सांगितलें नाहीं. आज पडद्यावरील लांबलचक अटींखालीं 'मान्य' या शब्दावर बोट ठेवणाऱ्याला वाचतां येतें, तरी तो वाचत नाहीं. आणि तें बोटही कित्येकदां करारच करून जातें. घरबसल्या घेतलेल्या शिक्षणानें तो वकील होणार नाहीं. परंतु बोट उठविण्यापूर्वी थांबावें केव्हां, आणि वकिलाकडे जावें केव्हां, हें त्याला समजेल. आणि तंट्यानंतरच्या शंभर सल्ल्यांपेक्षां सहीपूर्वीच्या एका विचाराचें मोल नेहमींच अधिक असतें.