बडोद्याचा ग्रंथपालवर्ग

जुने मराठी ग्रंथ यंत्राने टिपून संगणकावर वाचावयास मिळू लागले, तेव्हा आता ग्रंथपालाचे काम संपलेच, असे आमचे काही अध्यापक मित्र म्हणतात. बडोद्याचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांस हे पटणार नाही.

सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळा सुटल्यावर वाचावयास काही मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरेही विसरावयाची. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतील न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांस पाचारण केले. कार्डांची सूची, विषयवार वर्गीकरण, वाचकांस मोकळी असलेली कपाटे, निरक्षरांसाठी चित्रदर्शन, हे सारे इकडे तेव्हा नवलाचे होते. पण बॉर्डन यांची खरी कामगिरी, आमच्या मते, १९११ साली त्यांनी काढलेला ग्रंथपालवर्ग ही होय. असा वर्ग हिंदुस्थानात हा पहिलाच. १९१२ साली ग्रंथालयांना वाहिलेले एक नियतकालिकही निघाले, आणि त्यात इंग्रजी व गुजरातीच्या जोडीस मराठीलाही जागा होती. १९१३ साली बॉर्डन परत गेले, तरी काम थांबले नाही. कुडाळकरांसारखी ते पुढे नेणारी माणसे येथेच होती.

आज कार्डाची जागा संगणकाने घेतली आहे. अडचण मात्र तीच आहे, किंबहुना वाढली आहे. जुन्या मराठी पुस्तकांवर बहुधा शके असतो. एका ग्रंथालयाच्या नव्या सूचीत आम्हांस शके १७९९ चे पुस्तक इसवी सन १७९९ चे म्हणून नोंदलेले आढळले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा फरक, आणि तोही मराठी मुद्रणाच्या बाल्यावस्थेसंबंधी भलताच समज करून देणारा! ‘भावार्थदीपिका’ व ‘ज्ञानेश्वरी’ हा एकच ग्रंथ, हे नोंद करणाऱ्याने सांगितल्यावाचून यंत्रास कळावयाचे कसे? शिवाय युनिकोडपूर्वीच्या टंकांत जुळविलेला मजकूर पडद्यावर सुरेख दिसतो, पण त्यात शब्द शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. तो रूपांतरित करणे व जोडाक्षरे तपासणे हे मराठी जाणणाऱ्याचेच काम.

ग्रंथालयांच्या अंदाजपत्रकात यंत्रखरेदीची रक्कम आम्ही पाहतो. सेवकांच्या शिक्षणाची बाब पुष्कळदा कोरीच असते. वर सांगितलेल्या सूचीतील चूक अखेर सुधारली, ती एका निवृत्त ग्रंथपालाने मूळ पुस्तक कपाटातून काढून पाहिले तेव्हा.