तळटीप १२ : स्वित्झर्लंडचा २०१४चा कौल

१२. लेखकाला येथे ९ फेब्रुवारी २०१४चे सार्वमत अभिप्रेत आहे. परदेशी नागरिकांच्या प्रवेशावर वार्षिक मर्यादा घालण्याचा प्रस्ताव त्यात ५०.३ टक्के मतांनी संमत झाला. फरक २० हजार मतांहूनही कमी. इटलीला लागून असलेल्या तिचिनो प्रांतात, जिथे रोज सीमा ओलांडून येणाऱ्या कामगारांमुळे पगार घसरतात ही तक्रार जुनी आहे, सुमारे ६८ टक्के मते बाजूने पडली. याउलट परदेशी रहिवासी मोठ्या संख्येने असलेल्या जिनिव्हा आणि झुरिकने तो नाकारला. म्हणजे केवळ परक्यांच्या संख्येवरून मतदाराचा कल सांगता येत नाही.

कौलाचे धोरण होतानाही बरेच काही बदलले. युरोपीय संघाशी असलेला मुक्त संचाराचा करार मोडू नये म्हणून संसदेने डिसेंबर २०१६मध्ये कोटा टाळला. बेरोजगारी जास्त असलेल्या व्यवसायांतील रिक्त जागा आधी रोजगार केंद्रांना कळवाव्यात, एवढेच बंधन घातले. पुढे २०२०मध्ये तो करारच संपवण्याचा प्रस्ताव ६१.७ टक्के मतदारांनी फेटाळला.

या आकड्यांच्या मागे १९७०चे सार्वमत आहे, आणि मूळ प्रकरणात ते राहून जाणे मला खटकते. परदेशी लोकसंख्या जवळपास सर्व प्रांतांत १० टक्क्यांवर रोखण्याचा जेम्स श्वार्त्सनबाख यांचा प्रस्ताव तेव्हा ५४ टक्के मतांनी पडला. मतदार सारे पुरुष होते. स्त्रियांना संघीय मताधिकार १९७१मध्ये मिळाला. ज्यांचे भवितव्य ठरत होते, त्या इटालियन मजुरांना मत नव्हतेच. हंगामी परवान्यावर कुटुंब आणण्यास मनाई असल्याने त्यांतील काहींनी आपली मुले घरात लपवून वाढवली.