इयत्तेपलीकडचा वर्ग : तीव्र दिव्यांग मुलांच्या शिक्षणाची वाटचाल

शाळा म्हटली की इयत्ता आलीच. सहाव्या वर्षी पहिली, सातव्या वर्षी दुसरी आणि वर्षअखेर परीक्षा देऊन वरचा वर्ग, ही चाल समाजाच्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की, जे मूल या शिडीची पहिली पायरीही चढू शकत नाही, त्याला कोणत्या खोलीत बसवावे हा प्रश्न दीर्घकाळ कुणाला पडलाच नाही. मूकबधिर व अंध मुलांच्या बाबतीत उत्तर तुलनेने लवकर सापडले. मुंबईत मूकबधिरांची शाळा १८८५ च्या सुमारास उभी राहिली. १९०० मध्ये ॲना मिलार्ड यांनी अंधांसाठी शाळा काढली. तेथे शिकवण्याचे साधन बदलले, ब्रेल आले, ओठवाचन आले. इयत्तेची कल्पना मात्र कायम राहिली. परंतु ज्यांचा बौद्धिक विकासच मंद होता, किंवा ज्यांना चालणे, बोलणे आणि आकलन या तिन्हींची एकाच वेळी अडचण होती, त्यांच्यासाठी साधन बदलून भागणारे नव्हते. तेथे वर्गच नव्याने रचावा लागणार होता.

या रचनेच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक प्रयत्न एका कुटुंबाच्या गरजेतून जन्माला आला. डॉ. होरमसजी वकील आणि त्यांच्या पत्नी जय यांच्या कन्येला डाऊन सिंड्रोम होता. तिला सामावून घेणारी शाळा न मिळाल्याने या दांपत्याने १९४४ साली मुंबईत स्वतःच शाळा सुरू केली. पुढे पुण्यात १९६४ मध्ये ‘कामायनी’ आली. विदर्भात कमलाताई होस्पेट व वेणूताई नेने यांनी १९२१ साली नागपुरात स्थापन केलेल्या मातृ सेवा संघाने प्रसूतिगृहांच्या जोडीला ‘नंदनवन’ ही मतिमंद मुलांची शाळा चालविली. बाळंतिणीची सेवा करणाऱ्या संस्थेने अशा शाळेपर्यंत यावे, यात एक सुसंगती आहे. जन्माच्या वेळी मुलाला झालेली इजा प्रथम सुईणीच्याच नजरेस पडते.

या शाळांतील जुन्या वर्गरचनेचा पाया बुद्धिमापन हा होता. फ्रान्समध्ये बिने व सिमों यांनी १९०५ मध्ये तयार केलेल्या चाचणीचे मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतर डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ‘बिने–कामत’ हे नाव पुढे विशेष शाळांच्या कार्यालयांत घरगुती झाले. बुद्ध्यंक ५० च्या वर असेल तर मूल ‘शिक्षणक्षम’, २५ ते ५० मध्ये असेल तर ‘प्रशिक्षणक्षम’, आणि त्याहून खाली असेल तर केवळ सांभाळण्यायोग्य, अशी जगभर रूढ असलेली विभागणी येथेही आली. तिचा परिणाम असा की, शाळेत दोनच खोल्या झाल्या. तिसऱ्या गटासाठी खोली नव्हतीच. ‘सांभाळायचे’ ते घरी, असा त्याचा सरळ अर्थ होता. कामत यांच्या चाचणीचा यात दोष नव्हता. मूल कोठे आहे हे सांगणारे मोजमाप, मूल कोठे जाऊ शकणार नाही हे ठरविण्यासाठी वापरले गेले, हा खरा दोष.

१९७२ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी मिठू अलूर यांनी मुंबईत कुलाबा येथे मेंदूच्या पक्षाघाताने बाधित अशा अवघ्या तीन मुलांना घेऊन विशेष शिक्षणाचे केंद्र सुरू केले. त्यांत त्यांची कन्या मालिनी हीही होती. एकाच छताखाली शिक्षक, भौतिकोपचार, वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार आणल्यामुळे ‘वर्ग’ या शब्दाचा अर्थच पालटला. त्याच वर्षी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात पालकांनी चालविलेल्या दाव्यातून, कोणत्याही मतिमंद मुलाला शाळेने नाकारू नये, असे मान्य झाले, आणि १९७५ मध्ये तेथे राष्ट्रीय कायदा झाला. १९७६ मध्ये विस्कॉन्सिनचे प्राध्यापक लू ब्राउन यांनी शिक्षकांपुढे एक साधी कसोटी ठेवली : आज शिकविलेली गोष्ट मोठेपणी या व्यक्तीला प्रत्यक्ष जगण्यात उपयोगी पडणार आहे काय? पंधरा वर्षांच्या मुलाला खुंट्या फळीत बसवायला लावण्याऐवजी दुकानातील सुटे पैसे मोजायला शिकवावे, हा त्याचा व्यवहारातील अर्थ.

भारतात ही दृष्टी शास्त्रशुद्ध रूपात आली ती सिकंदराबाद येथे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेमुळे. तिच्या कार्यात्मक मूल्यमापन पद्धतीने बुद्ध्यंकाऐवजी वय आणि कौशल्य यांवर वर्ग रचले : पूर्व-प्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक, पूर्व-व्यावसायिक, व्यावसायिक. एका स्तरावरील ८० टक्के कौशल्ये आली की मूल वरच्या गटात जाते. आठव्या वर्षापर्यंत ती आली नाहीत, तरी त्याला चिमुकल्यांत ठेवावयाचे नाही. समवयस्कांसाठी असलेल्या ‘प्राथमिक दोन’ या वेगळ्या गटात घ्यावयाचे, जेथे स्वतःची कामे आणि संवाद यांवर भर असतो. तीव्र दिव्यांग मुलाला शाळेत प्रथमच हक्काची जागा मिळाली ती अशी.

अशा वर्गात धड्यांऐवजी कृतींचे विश्लेषण असते. भात खाणे ही वरकरणी एकच कृती. शिक्षिका तिचे टप्पे पाडते : ताटाकडे पाहणे, चमचा पकडणे, घास भरणे, तोंडापर्यंत नेणे, चमचा परत ठेवणे. जेथे हात अडतो तेथेच मदत, आणि तीही हळूहळू कमी करीत न्यावयाची. कधी शेवटचा टप्पा आधी शिकवितात, म्हणजे काम पुरे झाल्याचा आनंद मुलाला पहिल्याच दिवशी मिळतो. ज्याला मान सावरता येत नाही त्याच्यासाठी कोपऱ्याची खुर्ची, ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी चित्रांचा तक्ता. भिंती, बाके आणि वेळापत्रक या मुलांच्या शरीराप्रमाणे बदलावे लागतात. हे काम संथ आहे. एका टप्प्याला कधी सहा महिने लागतात.

गोंदिया जिल्ह्यात या रचनेला काही स्थानिक पदर आहेत. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन हा आठ तालुक्यांचा जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या एका अंगाला बालाघाट, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. घराघरांत झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी, छत्तीसगढी बोलली जाते. सर्वसाधारण मूल दोन-चार महिन्यांत शाळेची मराठी उचलते. परंतु ज्याचा अवघा शब्दसंग्रह वीस शब्दांचा आहे आणि जे आईला ‘माय’ म्हणते, त्याच्यापुढे ‘आई’ असे लिहिलेले व उच्चारलेले चित्र धरले तर त्या वीसांतील एक शब्द वाया जातो. चित्रतक्ता मुंबईहून आणता येतो, त्यावरचे शब्द मात्र घरूनच आणावे लागतात. दुसरा पदर आरोग्याचा. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांऐवजी एकवीस प्रकार मान्य केले. त्यांत सिकलसेल आहे. पूर्व विदर्भात ज्या आजाराने मुले वारंवार शाळा चुकवितात, तो यामुळे शिक्षणाच्या विचारात आला.

तिसरा पदर अंतराचा, आणि तोच सर्वांत अवघड. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या वनव्याप्त तालुक्यांतील चालता न येणाऱ्या मुलाला रोज शाळेत कोण आणणार? रोवणीच्या दिवसांत तर घरातील प्रत्येक हात बांधीत असतो. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र व बहुविकलांग मुलांना घरीच शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. तो आवश्यक होता, यात शंका नाही. पण जुन्या काळचे ‘सांभाळायचे ते घरी’ नव्या नावाने परत येण्याचा धोकाही त्यातच आहे. हा पर्याय पालकांचा आहे, शाळेची सोय नव्हे. २०१६ चा कायदा सहा ते अठरा वयापर्यंत जवळची शाळा अथवा पसंतीची विशेष शाळा असा हक्क देतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांतही विशेष शिक्षक नेमण्याचे आदेश देताना प्राथमिक स्तरावर दहा, उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक, असे प्रमाण सांगितले.

राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग निर्माण केला. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळांतून पूर्वी जो तो आपापल्या परीने शिकवीत असे; ‘दिशा’ अभियानाद्वारे २०२५ पर्यंत साडेचारशेंहून अधिक शाळांसाठी एकसमान अभ्यासक्रम आला. तो तयार केला जय वकील संस्थेनेच. १९४४ साली एका मुलीसाठी मांडलेली खोली अशा रीतीने राज्यभर पोहोचली.

जैन समाजाचे या क्षेत्राशी नाते जुने आहे. १९७५ मध्ये जयपूर येथे स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीमुळे ‘जयपूर फूट’ घरोघरी माहीत झाला, आणि गावोगावच्या ट्रस्टांनी शिबिरे भरविली. शिबिराचे फळ त्याच दिवशी दिसते : माणूस कुबडीवर येतो आणि पायावर परत जातो. किती पाय बसविले हे अहवालात लिहिता येते. सहा महिन्यांत चमचा धरायला शिकलेले मूल कोणत्या रकान्यात लिहावे? दानशूरतेचा ओघ त्यामुळे साहित्यवाटपाकडे अधिक आणि मदतनिसाच्या मासिक वेतनाकडे, शाळेच्या गाडीच्या डिझेलकडे कमी वळतो, हे मान्य करावे लागेल. तीव्र दिव्यांगांचा वर्ग मात्र नेमका याच दोन खर्चांवर चालतो किंवा बंद पडतो.

अठरा वर्षे पूर्ण झाली की शाळेचा हक्क संपतो आणि पालकांची खरी चिंता सुरू होते. मूल कायद्याने सज्ञान ठरते. बँकेतील सही, शस्त्रक्रियेची संमती आई-वडिलांनी देऊन चालत नाही. यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींना कायदेशीर पालक नेमून मिळतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे तसा अर्ज करावा लागतो. आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था यांपैकी कुणीही तो करू शकते.